सगळं वेळेवर झालं तर

"…आणि विमानच रद्द झालं तर?"

"तर मुंबई," सौमित्र म्हणाला. उत्तर त्याच्या ओठांवरच होतं. "तिथून पहाटेचं, दुसऱ्या कंपनीचं. माझी कामातली जोडीदार रेणुका त्यातूनच जातेय. म्हणजे दोघांतला एक तरी पोहोचतोच."

"जयपूरला धुकं असलं तर?"

"दिल्लीला उतरायचं. तिथून गाडी. ड्रायव्हरचा नंबर पान सातवर."

तात्या शेलारांनी पान सात उलटलं. नंबर होता.

"तो ड्रायव्हर झोपून राहिला तर?"

"दुसऱ्याचा नंबर त्याच्या खाली."

तोही होता.

बुधवारची सकाळ. कराडच्या पेठेतला तात्यांचा जुना फोटो स्टुडिओ. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे तात्यांना वेळ होता. सौमित्र गुळवणीला तर वेळ काढायचाच होता. खास तेवढ्यासाठी तो सकाळी उठून आला होता.

आता सौमित्र म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. याच स्टुडिओत चार वर्षं तात्यांच्या हाताखाली घासलेला माणूस. कॅमेरा कसा धरायचा इथपासून नवरीच्या मामाला बाजूला कसं करायचं इथपर्यंत सगळं इथंच शिकला. पुढं स्वतःचं काम काढलं. आता तो फक्त बाहेरगावची लग्नं करायचा. गोव्याचा किनारा, केरळचं बेट, राजस्थानातल्या गढ्या. पाहुणे शंभर, जेवायला पदार्थ दीडशे, असली लग्नं.

पण गेल्या हिवाळ्यात घोटाळा झाला होता. गोव्याचं लग्न. घाटात ट्रक आडवा झाला आणि हा चार तास गाडीत बसून राहिला. पोहोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. अंतरपाट घडी करून खुर्चीवर ठेवलेला. नवरीच्या बापानं याच्याकडे नुसतं पाहिलं… आणि पंगतीकडे निघून गेला.

एखादी शिवी दिली असती तरी चाललं असतं. शिवी विसरता येते.

सौमित्रनं ती गोष्ट तात्यांना येऊन सांगितली होती. तात्या काहीच बोलले नव्हते. त्यांनी चहा सांगितला होता, एवढंच.

ते न बोलणं सौमित्रच्या मनात सलत राहिलं होतं. त्यानंतरचं हे पहिलं मोठं लग्न, जयपूरजवळच्या एका गढीतल्या हॉटेलात. इथं चुकलं तर परत कुणी दारात उभं करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून महिनाभर बसून त्यानं प्रवासाचा आराखडा केला होता. अकरा पानं. रंगीत छापलेली. वर प्लॅस्टिकचं वेष्टण.

"तात्या, यात चूक काढून दाखवा," असं म्हणून त्यानं तो काउंटरवर ठेवला होता.

बोलणं नम्र होतं. ठेवणं नव्हतं.

"सामान हरवलं तर?" तात्यांनी विचारलं.

"कॅमेरे, लेन्सा, बॅटऱ्या खांद्यावर. बॅटऱ्या तशाही खालच्या सामानात टाकू देत नाहीत. हरवले तर माझे कपडे हरवतील."

"मग लग्नात उघडा फिरशील?"

"एक झब्बा रेणुकाच्या बॅगेत आहे."

तात्या हसले. मनापासून हसले. त्यांना हुशारी आवडायची, आणि आवडली की ते लपवत नसत.

"लेका, तू तर चंद्रावरच्या लग्नालाही पोहोचशील."

सौमित्रची छाती दोन इंच फुगली.

"आम्ही कसले आराखडे करतोय," तात्या म्हणाले. "वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये चढायचं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. एकदा काय झालं, दहिवडीकडचं लग्न होतं. स्टँडवर दोन ट्रक उभे. दोन्हींना आंब्याचे डहाळे बांधलेले. मी एकात चढलो. माणसं चांगली होती. वाटेत भडंग दिलं, पानसुपारी दिली. लग्नघरी पोहोचलो तर सनई नुकतीच सुरू होत होती. बघ, किती वेळेवर. मी सपासप फोटो काढायला लागलो. दोन रोल संपले."

"मग?"

"मग नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला केल्या. त्याला मिशी नव्हती."

"म्हणजे?"

"माझ्या नवरदेवाला होती."

सौमित्रला हसू आवरेना. तात्याही हसले, आणि डोळे पुसता पुसता त्यांनी आराखड्याचं शेवटचं पान उलटलं. मग सगळी पानं नीट सारखी केली. पोथी मिटावी तशी मिटली.

"यात चूक नाही," ते म्हणाले.

सौमित्रनं श्वास सोडला. याच वाक्यासाठी तो आला होता.

"एकच विचारायचं राहिलं."

"विचारा की."

"आणि सगळं वेळेवर झालं तर?"

"म्हणजे?" सौमित्र म्हणाला.

"म्हणजे विमान आलं, धुकं पडलं नाही, ड्रायव्हर जागा राहिला. मग?"

"मग काय? मग प्रश्नच मिटला. शुक्रवारी सकाळी साडेनऊला गढीच्या दारात. अकराला हळद. संध्याकाळी गोरज मुहूर्त. पुष्कळ वेळ आहे."

"दारात कोण असेल?"

"हॉटेलचे लोक असतील. अजून कोण?"

"नवऱ्याकडची माणसं?"

"ती गुरुवारी संध्याकाळीच आलेली असणार."

"हं," तात्या म्हणाले. "त्यांना आत कुणी घेतलं?"

अकरा पानांत असं उत्तर कुठं नव्हतं. सौमित्रनं मोबाईल काढला. लग्नाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या कंपनीनं पाठवलेला कार्यक्रम उघडला आणि तात्यांपुढे धरला.

"हे बघा ना. गुरुवार, साडेपाच. पाहुण्यांचं चेक-इन आणि सरबत. पुढे लिहिलंय, फोटोग्राफर नको. त्यांनीच लिहिलंय, मी नाही."

"मुलगी कुठली?"

"इस्लामपूरची. मोहित्यांची ऋजुता. मुलगा नाशिकचा. दोघं बंगळूरला नोकरीला असतात."

"आणि हा कागद करणारी बाई?"

"ती दिल्लीची."

तात्यांनी मोबाईल हळूच बाजूला सारला आणि हात पुढे केला.

"पत्रिका बघू."

आता पत्रिका होती, नाही असं नाही. मुलीच्या आईनं महिन्यापूर्वी स्वतः घरी आणून दिली होती. चहा घेतला होता, आणि जाताना म्हणाल्या होत्या, 'सौमित्र, जरा लवकर या हं.' यानं हसून सांगितलं होतं, 'ताई, तुम्ही काळजीच सोडा.' मग ती पत्रिका बॅगेच्या पुस्तकांच्या कप्प्यात गेली आणि तिथंच राहिली. सगळा कार्यक्रम मोबाईलवर असताना पत्रिका कोण उघडतो?

त्यानं कप्प्यात हात घातला. पाकीट निघालं. कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं. भोवतीची लाल दोरी तशीच बांधलेली.

तात्यांनी त्या दोरीकडे पाहिलं. सौमित्रकडे पाहिलं नाही. सौमित्रनं मनातल्या मनात त्याचे उपकार मानले.

गाठ त्यांनी नखानं सोडवली. पत्रिका उघडली, आणि त्याच्या बाजूनं फिरवून काउंटरवर ठेवली. एका ओळीवर बोट ठेवलं.

सीमांतपूजन. गुरुवार, सायंकाळी साडेपाच. गढीच्या दारात.

सौमित्रनं ती ओळ पुन्हा वाचली.

नवऱ्याची माणसं गावच्या शिवेवर येतात, मुलीकडचे त्यांची पूजा करून त्यांना आत घेतात. लग्न तिथून सुरू होतं. चार वर्षं त्यानं इथं हेच टिपलं होतं. आणि ते त्या दिल्लीच्या बाईनं 'चेक-इन' केलं, आणि यानं ते वाचून मान डोलावली. साडेपाचला तो कुठं असणार होता? कराडहून पुण्याच्या वाटेवर. साताऱ्याच्या पुढं कुठंतरी. सगळं वेळेवर.

"ताईंना फोन लाव," तात्या म्हणाले.

शैलजाताई मोहित्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला. मागं विमानतळाकडे निघायचा टेम्पो भरल्याचा आवाज येत होता.

"ताई, उद्याचं सीमांतपूजन…"

"हो, साडेपाचला. का हो?"

"मला कुणी सांगितलंच नाही."

"मीही विचारलं होतं त्या बाईंना. त्या म्हणाल्या, पाहुणे येतात त्याचे फोटो तुमच्या कामात धरलेले नाहीत. म्हटलं, जाऊ दे. कशाला कुणाला त्रास? कुणीतरी मोबाईलवर काढेल."

"ताई, पूजेला कोण बसणार?"

तिकडं टेम्पोवाल्याला कुणी तरी 'सावकाश रे' म्हणालं.

"धाकटे दीर आणि जाऊबाई बसणार होते," ताई म्हणाल्या. "यांना जाऊन सहा वर्षं झाली. मला कोण बसवणार? आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण परवा विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, मुलगी तुम्ही एकटीनं वाढवली. आम्हाला आत घ्यायचं ते तुम्हीच. मला हळदकुंकू लावायचं तेही तुमच्याच हातानं, आणि मग मी तुम्हाला लावणार. नाहीतर आम्ही आपले दारातच उभे राहू, तुमची हरकत नसेल तर."

त्या हसल्या. हसता हसता आवाज जरासा घसरला.

"जाऊबाई आधी रुसल्या. आता त्यांनीच माझ्यासाठी साडी काढलीय. मोरपंखी. सहा वर्षांनी नेसणार आहे असला रंग… तुम्हाला हे सगळं कशाला सांगत बसले! तुम्ही शुक्रवारी या निवांत. हळद अकराला आहे."

"ताई," सौमित्र म्हणाला. "मी उद्याच येतोय."

"अहो पण त्या बाई…"

"त्यांचं मी बघतो. तुम्ही मोरपंखी साडी वर ठेवा. टेम्पोत तळाला जाऊ देऊ नका."

तिकडून एक मोठा श्वास ऐकू आला, पाण्याची कळशी डोक्यावरून उतरवताना सोडतात तसा.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "फार बरं झालं बघा."

पुढचा अर्धा तास सौमित्र त्या काउंटरवर वाकून मोबाईलवर बोटं नाचवत होता. पुण्याहून गुरुवारच्या पहाटेच्या विमानात जागा आहे? होती. तीन होत्या. त्यानं एक धरली आणि मगच मान वर केली. गढीवर एक दिवस आधी खोली? नव्हती. पण मॅनेजर म्हणाला, ड्रायव्हर लोकांच्या बाजूला एक आहे, पंखा वाजतो. वाजू दे, सौमित्र म्हणाला.

मग रेणुकाला फोन. तिला सगळं सांगितलं. ती भांडेल अशी त्याची तयारी होती.

"देवा, सुटले!" रेणुका ओरडली. "दोघांनीही शुक्रवारी उतरायचं आणि लगेच हळद, या विचारानं मला आठवडाभर झोप नव्हती. तुला सांगायची सोय नव्हती. काही म्हटलं की तू पान नंबर सांगायचास."

तात्यांना ते ऐकू गेलं. ते पंच्यानं काच पुसत होते, तेवढीच जरा जोरात पुसली.

दिल्लीच्या बाईंचा फोन मात्र लांबला. त्या म्हणाल्या, हे ठरलेल्यात नाही. सौमित्र म्हणाला, बरोबर, नाहीच. त्या म्हणाल्या, मग? सौमित्र म्हणाला, मी पाहुणा म्हणून येतोय, मला पत्रिका आहे. फोन ठेवताना त्या चांगल्या सुरात म्हणाल्या, सीमांतपूजन म्हणजे नक्की काय असतं, मला तिथं समजावून सांगाल का?

सगळं मार्गी लागलं तेव्हा बारा वाजत आले होते. सौमित्र स्टुलावर बसला. पाठ भिंतीला टेकली. महिनाभर त्याच्या मानेत एक गाठ बसली होती, ती आत्ता सुटली तेव्हा त्याला कळलं, की ती होती.

"तात्या."

"हं."

"गोव्याच्या वेळी तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"घाटात ट्रक आडवा झाला त्यात काय बोलायचं?"

सौमित्र हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला आपलं हसणं आपलंच वाटलं. चहा आला. दोघांनी तो फुंकर न घालता प्यायला, पेठेत पितात तसा.

मग त्यानं बॅग खांद्यावर घेतली. तात्यांच्या पायांना हात लावला. पायरी उतरला… आणि थबकला. सवय ती सवय. डोक्यात आकडे फिरायला लागले होते.

"तात्या, साडेनऊला पोहोचतो. पूजा साडेपाचला. आठ तास मोकळे."

"हो."

"एवढ्या वेळात करू काय?"

तात्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढत होते. जेवायची वेळ झाली होती.

"ताईंना पाट मांडू लाग," ते म्हणाले.