उधाणाच्या अकरा पाट्या

समुद्रकाठच्या एका गावात एक गणितशाळा होती. आसपासच्या खाड्यांचे जोशी तिथे येऊन भरती-ओहोटीच्या वेळा काढत. गणित चाले धूळ पसरलेल्या लाकडी पाट्यांवर. पाट्या होत्या चाळीस, पण कारभारी धोंडोपंतांनी साठ जोशांना शब्द देऊन ठेवला होता, "मागाल तेव्हा पाटी मिळेल!"

आणि शब्द निभतही होता. दोन पाट्यांवर एकच कोष्टक दिसलं, की पंत एक पुसत आणि दोघांना एकीवर बसवत. नुसतं वाचायचं तर एक पाटी दहांनाही पुरते. आकडे बदलायचे असतील, तरच वेगळी मागायची. "अक्कल लागते!" म्हणत पंत मिशीवर ताव देत.

मग मोठ्या उधाणाची अमावास्या जवळ आली. प्रत्येक खाडीची वेळ वेगळी. साठही जोशी एकदमच आकडे बदलायला निघाले, आणि दुपारच्या आत पाट्या संपल्या. झाली ना पंचाईत!

पंतांचा नियम ठरलेला. पाट्या संपल्या, की ज्याच्यापुढे सर्वांत जास्त, त्याच्या सगळ्या पुसायच्या. सगुणाबाई जोशींपुढे अकरा होत्या. त्यांच्या खाडीचं तोंड अरुंद, खडकाळ. वेळ चुकली की होडी फुटलीच. तिथल्या तीस होड्या त्यांच्या आकड्याची वाट बघत होत्या. चार दिवस खपून गणित शेवटच्या पाटीवर आलं होतं.

पंत फडकं घेऊन आले. "उठा बाई. नियम आहे."

"नाही उठत!" बाईंनी पाट्यांपुढे दोन्ही हात आडवे केले. त्यांचा संताप संताप झाला होता. "अंथरूण पाहून पाय पसरायचे, हे तुम्हाला कळलं नाही, आणि पाय माझे कापता? पुसायचंच असेल, तर साठांना दिलेला तो शब्द पुसा!"

"मग बाकीच्यांनी काय करायचं?"

"ज्यांनी अजून एक आकडाही मांडला नाही, त्यांनी थांबायचं. थांबल्यानं काही मोडत नाही. पुसलं की गेलं!"

पंत तरीही पुढे सरकले. तेव्हा रिकाम्या हातांनी उभे असलेले म्हातारे हरभट म्हणाले, "पंत, फडकं ठेवा. मी थांबतो." ते ओटीवर जाऊन बसले. त्यांच्यामागून बाकीचे रिकामे जोशीही गेले.

ऊन कलायच्या आत बाईंचं गणित सुटलं. वेळ कागदावर उतरली, निरोप्या खाडीकडे धावला. बाईंनी एकेक करून अकराही पाट्या पंतांपुढे सरकवल्या.

"घ्या. आता पुसा खुशाल!"

पंतांनी मान खाली घालून पुसल्या, आणि ओटीवरच्यांपैकी अकरा जण एकदम आत आले.

तात्पर्य: पेलेल तेवढाच शब्द द्यावा, आणि तो अंगाशी आलाच, तर ज्याचं काम सुरू व्हायचंय त्याला थांबवावं, कुणाचं होत आलेलं काम पुसू नये.