काजळीचं डोहाळजेवण

शहराच्या नाक्याबाहेर धोंडिबाअण्णांचा म्हशींचा गोठा होता. अण्णांना चाळीस वर्षांचा अनुभव होता, म्हणजे एकच चूक ते चाळीस वर्षं करत आले होते. दुभत्या म्हशीपुढे सरकी पेंडीचं घमेलं आणि आटलेल्या गाभण म्हशीपुढे नुसता वाळका कडबा.

काजळी म्हैस आठ महिन्यांची गाभण होती. बरगड्या वर आल्या होत्या, उठताना पाय लटपटत होते. सून वैजयंता रोज सांगायची, "अण्णा, तिच्या पोटात पारडू वाढतंय. पेंड द्या, नाहीतर दोघंही जातील."

अण्णा मिशीवर हात फिरवायचे. "आधी दूध, मग पेंड. काल आलीस आणि मला शिकवतेस?"

वैजयंतालाही सातवा लागला होता. डोहाळजेवणाला सगळी भावकी जमली. अण्णांनी मोठ्या तोऱ्यात पुरणपोळीचं ताट तिच्यापुढे ठेववलं. "खा सूनबाई, दोन जिवांची आहेस!"

वैजयंताने ताट सरकवलं. "नको अण्णा, मला कडबाच द्या. माझं दूध अजून कुठं सुरू झालंय?"

बायका पदरात तोंड लपवून हसू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "बोला की आता, चाळीस वर्षांवाले!"

अण्णा उठले आणि स्वतःच पेंडीचं घमेलं घेऊन गोठ्यात गेले.

वैजयंताने खिडकीतून पाहिलं. काजळी घमेल्यात तोंड खुपसून खात होती. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला आणि तिने ताट पुढे ओढलं.

"वाढा आत्या," ती सासूबाईंना म्हणाली, "तूप जरा जास्तच."