घोळीची पाठवणी

एका राज्यात एक समुद्र राहत होता. राहत होता असेच म्हणायला हवे, कारण तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला दोन कड्यांमधली एक अरुंद वाट, एवढे त्याचे घर. त्या वाटेला लोक मुख म्हणत. मुखाबाहेर महासागर, मुखाआत हा. डोंगरांत खिंड नव्हती, त्यामुळे माणसांनाही येण्याजाण्याला मुखावाचून दुसरा रस्ता नव्हता.

दर फाल्गुनात महासागरातल्या घोळी मुखातून आत येत. घोळ म्हणजे माणसाएवढी मासळी, पाठ सोनेरी, पोटात अंड्यांची गाभोळी. आतल्या उबदार पाण्यात त्या अंडी सोडत आणि चैत्र सरता सरता परत जात. किनाऱ्यावरचे कोळी त्यांना माहेरवाशिणी म्हणत. बाळंतपणाला घरी आलेल्या लेकीवर कोणी जाळे टाकतो का? म्हणून तेवढे दिवस जाळी वाळूत पडून राहत. घोळी निघाल्या की राज्याची राणी होडीतून मुखापाशी जाई, सर्वांत पुढच्या घोळीची ओटी भरून तांदूळ, नारळ, हळकुंड पाण्यात सोडी आणि म्हणे, "आत्याबाई, पुढल्या वर्षी या." मागे राहिलेल्या पिल्लांवर राज्य वर्षभर जेवत असे.

मग धीरसेन नावाचा राजा झाला. त्याची एकुलती लेक मुखाबाहेर दिली होती, ती सासरी वारली. पुढच्या चैत्रात घोळी परत निघालेल्या पाहून त्याचे काळीज करपले. माझी लेक गेली ती आली नाही, आता या घरातून कोणतीच लेक जायची नाही, असे तो म्हणाला. दुःख खरे होते. पण राजाला दुःख झाले की प्रजेसाठी त्याचा कायदा होतो. दुर्धर नावाचा मांत्रिक तेवढ्यात हजर झाला. असल्या लोकांना बोलावणे धाडावे लागत नाही. त्याने मुखात न दिसणारा अडसर घातला. मासे धरायच्या टोपलीचे तोंड असते तसा तो होता: आत शिरता येई, बाहेर पडता येत नसे.

पहिली वर्षे लोकांनी राजाला डोक्यावर घेतले. चैत्र काय नि श्रावण काय, घोळच घोळ. लेक कायमची घरी राहिली की तिचे कौतुक सरते. जाळी वाळूत ठेवायची रीत गेली आणि तळलेल्या गाभोळीची चटक लागली. घोळी संपल्या तेव्हा रावस धरले, रावस संपले तेव्हा बांगडे, आणि बांगड्यांमागून बोटभर मांदेली उरली. बाहेरच्या घोळींतही बोभाटा झाला की त्या माहेरी गेलेली परत येत नाही, आणि त्यांनी वाट सोडली. पाणीसुद्धा आत आले की आतच राही. शहरातल्या रंगाऱ्यांचे, कातडे कमावणाऱ्यांचे, गुऱ्हाळांचे सांडपाणी नद्यांनी आणून ओतले. ते तळाशी बसले, कुजले, काळे झाले. धीरसेन गेला, त्याचा मुलगा गेला, नातू गेला. अडसर जिथल्या तिथे होता.

पणतू अमोघ गादीवर आला तेव्हा त्याच्यासाठी वधू पाहायची वेळ आली. निरोप न्यायला वाड्यात एक कुरव पक्षी होता; उडणाऱ्याला अडसर लागू नव्हता. कुरव महासागरातल्या एका बेटावर गेला आणि तिथल्या राजमातेला म्हणाला, "आमच्या घरातली एकही सून आजवर तक्रार घेऊन परत आलेली नाही." राजमातेला हे ऐकून बरे वाटले. तिची मुलगी शाल्मली जहाजात बसली, मुखातून आत आली आणि अमोघ राजाची राणी झाली.

शाल्मली मोकळ्या पाण्यावर वाढलेली. आल्या दिवशीच तिच्या नाकाला इथला वास खुपला. पण नव्या सुनेने घराला वास येतो म्हणायचे नसते, म्हणून ती गप्प बसली. पुढे तिला दिवस राहिले. सातव्या महिन्यात कुरव आईचा निरोप घेऊन आला की पहिले बाळंतपण माहेरी, खोली सारवून ठेवली आहे, ये. शाल्मलीने जहाज काढले. मुखापाशी जहाजाचे नाक आपोआप वळले आणि ते राज्याकडे तोंड करून उभे राहिले. पुन्हा वळवले, पुन्हा तेच. नाखवा खाली मान घालून बसला. त्याला ठाऊक होते. सगळ्यांनाच ठाऊक होते.

अमोघ राजा वाईट नव्हता, नुसता मऊ होता. त्याने पणजोबांची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "राणीसाहेब, इथे तुम्हाला काय कमी आहे?"

"माझी आई," शाल्मली म्हणाली. एवढे बोलून ती थेट कड्यावर गेली. दुर्धर तिथेच बसलेला होता, कारण अडसराला टेकून राहणाऱ्याला मरण येत नसे. प्रत्येक मंत्राला किल्ली असते आणि विचारणाऱ्याला ती सांगणे मांत्रिकाला भाग असते. दुर्धराने जांभई दिली आणि सांगितली.

"बाई, तीन गोष्टी आण. हा समुद्र केवढा भरलेला होता, ते आठवणारा साक्षीदार आण. मासा जगेल असं तळाचं पाणी आण. आणि आत अडकलेली एक घोळ आण, जी म्हणेल की मला सोडलंत तर मी परत येईन. तिसरी मिळायची नाही, तेव्हा पहिल्या दोहोंसाठी फार धावपळ करू नकोस."

शाल्मली किनाऱ्यावर उतरली आणि साक्षीदार शोधू लागली. पहिल्याच घरात तिला हसू आले आणि दुसऱ्या घरात रडू. तरणा कोळी म्हणाला, समुद्र भरलेलाच आहे की, मांदेलीला काय तोटा? त्याचा बाप म्हणाला, आताच्या पोरांना काय कळतंय, आमच्या वेळी बांगडा पडायचा, तो खरा भरलेला समुद्र. आजीने बापाला वेड्यात काढले आणि रावसांचे गुणगान केले. ज्याने जो समुद्र डोळे उघडल्यावर पाहिला, तोच त्याच्या लेखी काठोकाठ भरलेला. घोळ म्हणाल तर ती पाहिलेला एकही जीव उरला नव्हता. फार तर थकलेल्या काशीबायला आठवत होते की तिची आजी 'घोळीएवढी थोरली' असे काहीतरी म्हणायची.

फिरता फिरता राणीचे दिवस भरले. मुलगी झाली ती सासरीच, सुइणीच्या हातून. आईचा निरोप आला की बाळाला शेकशेगडी कर, स्वतःच्या कमरेला तेल लाव आणि सवड होईल तशी ये. सवडीचा काय प्रश्न होता? शाल्मलीने मुलीला पाठीशी बांधले आणि पुन्हा घरोघर गेली. तिला एक गोष्ट सुचली होती. तिने पोरापासून म्हातारीपर्यंत साऱ्यांना वयाप्रमाणे एका रांगेत कड्यावर नेऊन उभे केले आणि ज्याने त्याने आपला समुद्र सांगावा अशी आज्ञा केली. मांदेली, मग बांगडा, मग रावस, मग काशीबायच्या आजीची ती घोळ. शेवटचा शब्द संपला तेव्हा रांगेतला तरणा कोळी वळून पाण्याकडे पाहू लागला. आपण किती दरिद्री आहोत हे त्याला तिथे कळले.

"एकट्याला आठवत नाही, पण रांगेला आठवतं," दुर्धर नाखुशीने म्हणाला. "पहिली गोष्ट मिळाली."

दुसऱ्या गोष्टीने मात्र राणीचे तारुण्य खाल्ले. पाणबुड्यांनी तळाचे पाणी घागरीत आणले, त्यात मांदेली सोडली, आणि ती उलटी झाली. शाल्मली राजापुढे गेली आणि म्हणाली, नद्यांतली घाण थांबवा. दरबारात गहजब झाला. रंगारी म्हणाले आम्ही खावे काय, सरदार म्हणाले आमच्या बायकांनी नेसावे काय. पण मुखाशी उभे राहून रांगेची साक्ष अमोघानेही ऐकली होती. तो आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी नाही म्हणाला. रंगाऱ्यांच्या भट्ट्या नद्यांपासून दूर गेल्या, त्यांच्या चरांचे पाणी खाचरांत मुरवले गेले. राणीने रंगवलेले लुगडे टाकून कोरे पांढरे नेसायला घेतले. नवरा धडधाकट असताना ही पांढरे नेसते, म्हणून बायकांनी नाके मुरडली. तिच्या सावलीलाही मंगळकार्यात जागा राहिली नाही. तिच्यापायी रंग महागला हे कोणी विसरले नाही.

दर पावसाळ्यानंतर घागर खाली सोडायची, मासळी घालायची, ती मरायची. कुजायला चार पिढ्या लागल्या होत्या, ते एका राणीच्या घाईने कसे निवळावे? मुलगी चालू लागली, बोलू लागली, परकर नेसू लागली. आईचा पुन्हा निरोप आला: गुडघे धरले आहेत, डोळ्यांना दिसते आहे तोवर ये. शाल्मलीने त्या दिवशी घागर फोडली आणि दुसऱ्या दिवशी नवी मागवली. पुढे किती पावसाळे गेले कोण जाणे, तिच्या केसांत चांदी आली तेव्हा कुरव आणखी एक निरोप घेऊन आला; एव्हाना त्याने अडसराची गोष्ट आईच्या कानावर घातली होती. निरोप एवढाच होता: काम अर्धे टाकून येऊ नकोस, पुरे करून ये. शाल्मलीला वाटले, आई रागावली. त्याच साली तळाच्या पाण्यात मांदेली सकाळी सोडली, संध्याकाळी पाहिली, तर पोहत होती.

आता तिसरी गोष्ट. आत एकच घोळ जिवंत होती, आणि ती कुठे आहे हे कुरवाने दाखवले. मुखाच्या कड्याखाली, अडसराला नाक लावून, धीरसेनाच्या दिवसापासून ती तशीच थांबलेली होती. तिची सोनेरी पाठ शेवाळाने हिरवी झाली होती. शाल्मली गळ्याएवढ्या पाण्यात उतरली आणि हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला सोडलं तर परत याल का?"

घोळ म्हणाली, "पोरी, माझ्या बहिणी इथे कापल्या गेल्या. त्यांची गाभोळी तुमच्या तव्यावर पडली. माझ्या डोळ्यांदेखत या घराचं न्हाणीघर झालं. कशाला येऊ?"

शाल्मलीने क्षमा मागितली, ती घोळीने ऐकली न ऐकल्यासारखी केली. मग घोळीनेच विचारले, "तूही बाहेरून आलीस. अडसर निघाला आणि तू आईकडे गेलीस, तर तू येशील का परत? खरं सांग. खोटं इथे पुष्कळ ऐकलंय."

मऊ नवरा, नाके मुरडणाऱ्या बायका, वास मारणारे पाणी, सगळे राणीच्या डोळ्यांपुढून गेले. मग ती म्हणाली, "आले तेव्हा विचारलं असतंत, तर कधीच नसते आले. आता येईन. या पाण्यात मी माझं आयुष्य घातलंय. आणि माझी लेक इथे आहे."

"माझीही पिल्लं होती इथे," घोळ म्हणाली. "बरं. तू आलीस तर मी येईन. पण मी एकटी. इतरांना या म्हणायला माझी जीभ रेटणार नाही."

अडसर तुटला. त्याचा आवाज झाला नाही; मुखातले पाणी मात्र दोन्ही अंगांनी वाहू लागले. कड्यावर टेकून बसलेला दुर्धर त्याच क्षणी मूठभर मीठ झाला. शाल्मलीने घोळीची ओटी भरली, तिला हळद लावली, आणि घोळ मागे न बघता निघून गेली. तिच्या मागोमाग राणीचे जहाज मुखाबाहेर पडले.

बेटावरच्या वाड्यात दाराशी भावजय आली. तिने नणंदेच्या पायांवर पाणी घातले, गुळाचा खडा हातावर ठेवला, आणि शाल्मली आत डोकावू लागली तशी तिचा हात धरला.

"वन्सं, सासूबाई गेल्या. त्या शेवटच्या निरोपाच्याच दिवशी. पक्ष्याला जवळ बोलावलं, म्हणाल्या, मी जातेय हे सांगू नकोस, नाहीतर ती सगळं टाकून मुखावर डोकं आपटत बसेल. काम पुरं करून ये, एवढंच सांग."

सारवलेली खोली तशीच होती. भावजय दर सणाला सारवत आली होती. शाल्मली त्या जमिनीवर आडवी झाली आणि पोटभर रडली. आई रागावली असे समजून तिने इतके दिवस काढले होते, त्याचे तिला सर्वांत जास्त वाईट वाटले. भावजय म्हणाली, आता इथेच राहा, तुमचेच घर आहे. शाल्मलीलाही राहावेसे वाटले. पण तिने शब्द दिला होता आणि मुलगी वाट पाहत होती. माहेरची ओटी भावजयीने भरली. ती घेऊन राणी परत आली.

राज्यात रीत पुन्हा बसली. फाल्गुन लागला की जाळी वाळूत. राणी होडीत बसून मुखाशी जाई आणि रिकाम्या पाण्याकडे पाहून येई. लोक आधी बरोबर जात, मग कंटाळले. काही जण म्हणू लागले की राणीच्या हट्टापायी रंग गेला आणि हाती पाणी आले.

एका फाल्गुनात घोळ आली. एकटीच आली, बोलल्याप्रमाणे. पोटात गाभोळी नव्हती. तिचे ते वय केव्हाच उलटले होते. तिने आत एक फेरी मारली, तळाचे पाणी हुंगले आणि राणीच्या होडीजवळ थांबली. किनाऱ्यावरच्या ज्या पोरांनी जन्मात कधी घोळ पाहिली नव्हती ती नाचत सुटली. राणीची मुलगी, आता लग्नाला आलेली, गुडघाभर पाण्यात धावत आली. तिचा चेहरा फुलला होता.

"आई, भरला समुद्र. भरला ना?"

शाल्मलीला हो म्हणायचे होते. मुलीला एवढी आनंदात तिने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "एक म्हातारी शब्दाला जागली, एवढंच झालंय. बैस इथे. भरलेला केवढा होता ते मी सांगते, आणि तू विसरायचं नाही."

मुलगी हिरमुसली, पण बसली. ही कहाणी इथे संपूर्ण झाली. सुफळ व्हायला अजून अवकाश आहे.