शेगडीमागचा गणपती

“पण आऊ, फोडणीचं तेल उडेल ना त्याच्या अंगावर!”

त्र्यंबक स्वयंपाकघराच्या दारात आडवा उभा होता. अंगणात प्राजक्ताला टेकवलेली ग्रॅनाइटची अखंड लादी. तिला हळदकुंकू लागलेलं, पुढे नारळसुद्धा.

लादी आणली होती मठाच्या शेगडीमागे बसवायला. त्या भिंतीचे पोपडे आमटीत पडायचे आणि स्वयंपाकीण हौसाबाईनं त्यावरून आम्हा शिष्यांचं डोकं खाल्लं होतं. एकदाची लादी आली, गवंडी आला... आणि लादीतल्या पांढऱ्या रेघांत त्र्यंबकाला गणपती दिसला! झालं, काम ठप्प.

“कुठे दिसला?” आऊंनी विचारलं. आऊ म्हणजे आमच्या गुरू. बाई थकलेल्या, पण नजर चौकस.

“ही सोंड. हा कान. हे पोट.”

आऊंनी चष्मा पदरानं पुसला. वाकून बघितलं. मान वाकडी करून पुन्हा बघितलं, अगदी मन लावून.

“मला नाही दिसत रे.”

“मला तर वांगं दिसतंय,” हौसाबाई म्हणाली.

आम्ही हसलो. त्र्यंबक हसला नाही.

एरवी हा गडी भारी तोऱ्यातला. ध्यानाला सगळ्यांच्या पुढे, खरकटी भांडी निघाली की गायब. पण देव दिसावा म्हणून चांगली नोकरी सोडून आला होता बिचारा. इतकी वर्षं डोळे मिटून बसला आणि त्याला दिसला तो नुसता अंधार.

“म्हणजे मला भास झाला?” त्यानं विचारलं.

“भास कुठे म्हटलं मी? मला दिसत नाही म्हटलं. तुला दिसतो ना?”

“दिसतो.”

“मग मला कशाला विचारतोस? त्यालाच विचार, कुठे बसायचंय.”

त्र्यंबक गडबडला. “आऊ, असं काय करता... दगड कसा बोलेल?”

या वेळी कुणी हसलं नाही. आपण काय बोलून बसलो ते त्याचं त्यालाच कळलं होतं. त्यानं मान खाली घातली.

“लादी चिकटवायचं केमिकल कालवून ठेवलंय,” गवंडी हळूच म्हणाला. “सुकलं तर वाया जाईल.”

त्र्यंबक दारातून बाजूला झाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, पुढे येऊन लादीचा एक कोपरा त्यानंच उचलला. लादी भिंतीला बसली. गवंड्यानं ती रबरी हातोडीनं ठोकून सारखी केली.

दुसऱ्या दिवशी शेगडी पेटली. हौसाबाईनं मोहरी टाकली, ती तडतडली आणि तेल उडालं. नेमकं सोंडेवर!

कुठे होता कुणास ठाऊक, त्र्यंबक धावत आला आणि खांद्यावरच्या उपरण्यानं दगड पुसायला लागला.

“अहो, ते तुमचं सोवळ्याचं उपरणं!” हौसाबाई ओरडली.

त्यानं उपरण्याकडे बघितलं. तेलानं आणि हळदीनं पार माखलं होतं. बोट पोळलेलं. तरी त्याचा हात दगडावरून निघेना.

आऊ दाराशी येऊन उभ्या होत्या. किती वेळ, कळलं नाही.

“आऊ,” तो म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. “खरंच दिसला होता का तो मला? एवढं एकच सांगा.”

आऊंनी त्याच्याकडे बघितलं. दगडाकडे बघितलं. मग बाहेर बघितलं... ओसरीवर पंगत बसली होती.

त्यांनी आमटीचं भांडं उचलून त्याच्या हातात दिलं.

“भूक लागली असेल रे त्याला. वाढायला घे.”