पुनवेची पंगत

आडबंदरच्या गावसभेने एक नियम केला होता. किनाऱ्यावर नवं बांधकाम करायचं, तर आधी पुनवेच्या दुपारी त्याच जागेवर गावाला जेवण घालायचं.

शहरातल्या सबनीस बिल्डरांना तिथे वाळूवर तीन मजली हॉटेल बांधायचं होतं. नियम ऐकून ते हसले. "एवढंच ना? जेवणावर खूश होणारी माणसं ही."

पुनवेला मांडव पडला, पंगत बसली. गावसमितीच्या सुलूकाकू तांडेल तेवढ्या लुगडं वर खोचून उभ्या होत्या. वाढपी भात घेऊन आला आणि त्याच्यामागोमाग भरतीचं पाणी मांडवात शिरलं. पत्रावळी तरंगल्या, सबनीसांचे बूट भरले.

"ही फसवणूक आहे," ते कडाडले.

"छे, गावाची काही हरकत नाही," काकू म्हणाल्या. "फक्त हा शेजारी दर पुनवेला आणि अवसेला जेवायला येतो. तुमच्या गिऱ्हाइकांना चालत असेल, तर खुशाल बांधा."

उरलेली पंगत टेकाडावर बसली. हॉटेलसाठी समितीने आधीच सुचवलेली जागा तीच होती. दुसऱ्यांदा भात घेताना सबनीसांनी हळूच विचारलं, "इथे किती मजले चालतील?"

"माडाच्या खाली राहतील तेवढे," म्हणत काकूंनी त्यांचे बूट उन्हात ठेवले.