पवित्र गुरुवारचं घंगाळ

भांडी बोलायची आणि माणसं ऐकायची नाहीत, त्या काळी एका चर्चमध्ये पितळी घंगाळ होतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून दर पवित्र गुरुवारी फादर त्यात बारा जणांचा उजवा पाय धूत. ते बाराही जण घरूनच पाय घासून, वर पावडर थापून येत. त्यामुळे चाळीस वर्षांत घंगाळाला मातीचा कण ठाऊक नव्हता.

पत्र्याची बादली मात्र रोज चर्च झाडणाऱ्या नातालबायच्या उजव्या पायाची जखम धुवायची. एक दिवस बादली फुटली. ती घंगाळाला म्हणाली,

"दादा, आता तुझ्यात धुऊ दे तिला. नाहीतर पाय जाईल रे बाईचा!"

"पुवाने बाटू मी? पवित्र आहे म्हटलं!" असं म्हणून घंगाळ कपाटाखाली गडगडत गेलं आणि दडून बसलं. नातालबायने जखम धुवायला घंगाळ खूप शोधलं, शेवटी जखमेवर तसंच फडकं गुंडाळलं.

पुढच्या पवित्र गुरुवारी बारा जणांत नातालबायलाही बसवलं. फादरांनी तिच्यापुढे गुडघे टेकले, लुगड्याचा काठ उचलला आणि थबकले. उजवा पाय नव्हता.

"राहू द्या, फादर," ती म्हणाली. "शेजारच्याचा धुवा."

फादरांनी घंगाळ पुढे सरकवायला हात लावला. ते तिच्यापुढून हलेना.