चार शब्दांचा वायरमन

घोटेवाडीत एक भोळा वायरमन होता. आता भोळा कीर्तनकार चालतो, भोळा सासरा तर देवानंच द्यावा. पण भोळा वायरमन? नको रे बाबा! घोटेवाडीच्या नशिबी मात्र तोच आला होता. नाव लिंबाजी. खांबावर सरसर चढायचा, मनानं सोनं होता, आणि सांगितलेलं काम अगदी सांगितलं तस्संच करायचा. तीच तर पंचाईत होती.

त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी मथुरा, आबाजी तिडक्यांची. लिंबाजीला बघितलं की तिला हसू फुटायचं, म्हणून तर तिनं होकार दिला होता. आबाजी मात्र भलते तापट. त्यांनी बजावलं, "शुक्रवारी लग्न. तोवर तुझे तीन खुळेपणे माफ. चौथा केलास तर मांडव मोडीन!"

लिंबाजीला मथुरा फार आवडायची. तो धावत वीज कचेरीत ढगे साहेबांकडं गेला.

"साहेब, मला शहाणं करा."

"चार दिवसांत?" साहेब म्हणाले. "बरं. रोज एक शब्द देतो, आपल्या खात्यातला. तो पाळ. आजचा शब्द ओव्हरलोड. एका डीपीवर सोसवेल तेवढाच भार ठेवायचा. जास्त झाला की निम्मा काढून टाकायचा. विचारत बसायचं नाही."

"व्हय साहेब." लिंबाजीनं शब्द तळहातावर लिहिला, तीनदा म्हटला आणि निघाला.

चढावर वडापची जीप धापा टाकत येत होती. आत सोळा माणसं, दोन शेळ्या आणि पुढं ड्रायव्हरशेजारी साक्षात आबाजी.

"ओव्हरलोड!" लिंबाजी ओरडला. त्यानं जीप थांबवली आणि भराभर निम्मी माणसं खाली ओढली. विचारत बसला नाही. त्या निम्म्यांत ड्रायव्हरही होता. जीप जी मागं सुटली ती थेट उकिरड्यात जाऊन थांबली. आबाजी शेणातून वर आले. त्यांनी एक बोट वर केलं.

"एक!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, निम्म्यांना कायमचं काढतात का? आळीपाळीनं द्यायचं! ह्या लाईनचा फीडर दोन तास चालू, त्या लाईनचा बंद. मग उलट. त्याला भारनियमन म्हणतात. हा मंगळवारचा शब्द."

"व्हय साहेब. आता न्हाई चुकायचा."

मंगळवारी मारुतीच्या देवळात भंडारा होता. लोक फार, वाढपी कमी. कुणीतरी लिंबाजीच्या हातात वरणाची बादली दिली. त्यानं दोन्ही पंगती बघितल्या. भार जास्त होता. मग काय, उजवी पंगत चालू, डावी बंद!

डावीकडं सरपंच बसले होते, भाताचं आळं करून. "अरे, वरण वाढ की!"

"तुमचा फीडर बंद हाय अण्णा. तीन वाजता या."

"तीनला? आत्ता एक वाजलाय!"

"चालू झाला की पोटभर घ्या."

सरपंचांशेजारी आबाजी होते. त्यांनी नुकताच ठेचा खाल्ला होता. कान लाल, डोळ्यांत पाणी. "पाणी! अरे मेलो, पाणी तरी दे!"

लिंबाजीचा जीव कळवळला. होणारा सासरा तो! पण नियम म्हणजे नियम. तो प्रेमानं म्हणाला, "मामंजी, आपल्या माणसाला सवलत दिली तर लोक काय म्हणतील?"

आबाजींना बोलता येईना. त्यांनी दोन बोटं वर केली.

साहेबांनी पुन्हा कपाळावर हात मारला. "जा, आधी त्यांच्या पाया पड! आणि बुधवारचा शब्द घेऊन जा. अर्थिंग. लाईन बंद दिसली तरी तिच्यात करंट उरलेला असतो. म्हणून आधी साखळी बांधायची, दुसरं टोक जमिनीत ठोकायचं. उरलासुरला उतरला की मगच हात लावायचा."

"व्हय साहेब. आता न्हाई चुकायचा."

बुधवारी दुपारी आबाजी अंगणात बाजेवर घोरत पडले होते. बंद दिसत होते. पण लिंबाजी आता फसणाऱ्यातला नव्हता. त्यानं अलगद साखळी काढली, आबाजींच्या पायाच्या अंगठ्याला बांधली आणि दुसऱ्या टोकाची पहार जमिनीत ठोकली. ठण्! ठण्! ठण्! मग थोडा वेळ थांबला. आता उतरलं असेल म्हणून त्यानं पायाला हात लावला.

आबाजी ओरडत उठले. लिंबाजी पळाला. काठी घेऊन आबाजी मागं धावले, दोन पावलांवर साखळी ताणली आणि ते गव्हाणीत उताणे पडले. गाय त्यांचं धोतर चघळू लागली. गव्हाणीतून तीन बोटं वर आली.

मथुरा दारात पोट धरून हसत होती. "बाबा, पण किती काळजीनं पाया पडला बघा तरी!"

"काळजी? आता एक बोट उरलंय, सांग त्याला! मुहूर्त बारा बेचाळीसचा. तो चुकला तरी मांडव मोडला!"

लिंबाजी रडतच साहेबांकडं आला. साहेबांनाही गलबलून आलं. "गड्या, हा शेवटचा शब्द जिवापाड जप. परमिट. ज्यानं परमिट घेऊन लाईन बंद केली, त्यानंच येऊन सांगायचं, 'माझं काम झालं, माझी माणसं बाजूला आहेत.' तोवर लाईन चालू करायची नाही. कुणी कितीही बोंबलो, मंत्री येवो. खांबावरचा माणूस ह्या एका शब्दावर जगतो."

हा शब्द लिंबाजीनं दोन्ही तळहातांवर लिहिला.

शुक्रवार उजाडला. मांडव भरला. मधे अंतरपाट, अलीकडं लिंबाजी, पलीकडं मथुरा. अंतरपाटाचं एक टोक गुरुजींनी धरलं, दुसरं मथुरेच्या मामांनी. मंगलाष्टकं सुरू झाली. मथुरेच्या आत्यानं एकटीनंच सात म्हटली. मामांचे हात भरून आले. त्यांनी टोक शेजाऱ्याच्या हातात दिलं आणि जिलबी बघायला गेले.

"शुभमंगल सावधान!" गुरुजींनी अंतरपाट खाली घेतला. लिंबाजीनं झडप घालून तो पुन्हा वर धरला.

"थांबा! हा मामांनी धरला होता. मामांनीच येऊन सांगायचं!"

"अरे, बारा एकेचाळीस झाले!" आबाजी किंचाळले.

"मंत्री आला तरी न्हाई!"

मामांना उचलून आणलं. तोंडात अर्धी जिलबी. लिंबाजी म्हणाला, "म्हणा, माझं काम झालं, माझी माणसं बाजूला आहेत."

"माजं काम जालं, माजी मानसं बाजूला हायेत!"

लिंबाजीनं अंतरपाटाखालून वाकून बघितलं आणि त्याला घाम फुटला. "खोटं बोलता व्हय मामा? तुमची सख्खी भाची समोर उभी हाय! आधी तिला हलवा! माझ्या मथुरेच्या जिवाशी खेळ नको!"

मथुरेनं ओठ दाबून हसू गिळलं आणि ती शहाण्यासारखी बाजूला झाली. आबाजींचा मात्र बांध फुटला. ते हात उगारत तिच्या रिकाम्या पाटावर चढले.

नवी लाईन चालू करताना ठिणगी उडते, म्हणून लिंबाजीला डोळे मिटायची सवय होती. त्यानं डोळे गच्च मिटले, मारुतीचं नाव घेतलं, "चालू!" म्हणून अंतरपाट सोडला आणि समोरच्या गळ्यात हार घातला.

अक्षता पडल्या. वाजंत्री दणाणली. लिंबाजीनं लाजत डोळे उघडले. समोर आबाजी होते.

आबाजींनी चौथं बोट वर केलं आणि 'चार' म्हणायला तोंड उघडलं, तर त्यात मूठभर अक्षता गेल्या. ते ठसकू लागले. तेवढ्यात मथुरेनं पुढं होऊन आपला हार लिंबाजीच्या गळ्यात टाकला. घड्याळात बारा बेचाळीस.

आबाजी ठसकत होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, गळ्यात झेंडूचा हार. मथुरेनं पदरानं त्यांचे डोळे पुसले.

"उगी बाबा, रडू नका," ती म्हणाली. "एक ना एक दिवस सासरी जावंच लागतं."